नदीच्या मुखावरची रुफिना

रुफिना ओल्मोस काय काम करते, असं बोका तोर्सिदात कुणालाही विचारलं असतं तर दोन उत्तरं मिळाली असती. बंदर कचेरीच्या कागदावर ती झाडूवाली होती. आणि गावाला पक्कं ठाऊक होतं की रुफिनाने शिशाचा गोळा पाण्यात टाकल्याशिवाय एकही मोठी बोट नदीत शिरत नाही.

बोका तोर्सिदा म्हणजे वाकडं तोंड. पार्दा नदी तिथे समुद्राला मिळते, पण सरळपणे नाही. मुखाशी वाळूचा लांबलचक दांडा आहे आणि त्याला एका जागी बसायची सवय नाही. पूर आला की सरकतो, वादळ आलं की फुटतो, आणि आज जिथून बोट गेली तिथे महिन्याभराने बगळे उभे असतात. बोटींना वाट दिसावी म्हणून तळाशी साखळीने बांधलेले नऊ लाल बोये पाण्यावर तरंगत असत. वाट सरकली की बोये उचलून नव्या जागी टाकायचे. हे काम रुफिनाचा बाप कासिमिरो करायचा. बायको बाळंतपणात गेली, घरी पोरीला सांभाळायला कुणी नाही, म्हणून सहाव्या वर्षापासून तो तिला होडीत घेऊन जाऊ लागला.

दोरीला दर वावावर, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर भरेल तेवढ्या लांबीवर, चामड्याची एक पट्टी. टोकाला शिशाचा गोळा आणि गोळ्याच्या बुडाला एक खळगा, त्यात चरबी भरलेली. गोळा तळाला टेकला की चरबीला तिथली माती चिकटून येते. कासिमिरो ती बोटांवर चोळून पोरीपुढे धरायचा.

"काय आहे?"

"वाळू."

"वाळू मलाही दिसतेय. कसली?"

"जाड. खरखरीत."

"म्हणजे खाली पाणी पळतंय. वाट जिवंत आहे. ज्या दिवशी मऊ गाळ लागेल त्या दिवशी समज, वाट मेली."

पुढे कासिमिरोच्या डोळ्यांत फूल पडलं आणि त्याला पट्ट्या दिसेनाशा झाल्या. अकरा वर्षं रुफिनाने बापाच्या नावावर काम केलं. तो होडीत नुसता बसून असायचा, डोक्यावर टोपी, हातात पाइप. तो वारला तेव्हा कचेरीने अन्सेल्मो प्रादो नावाच्या माणसाला बंदराचा मुख्य वाटाड्या नेमलं. त्याचा मेहुणा राजधानीत मोठ्या जागेवर होता. बाईमाणसाला हे पद देता येत नाही, असं कारकुनाने रुफिनाला समजावलं. पण तिच्याशिवाय चालणारही नव्हतं, म्हणून तिचं नाव झाडलोटीच्या रकान्यात घातलं. ती दर सोमवारी वाळू मोजायची आणि प्रादोच्या हातात एक चिठ्ठी द्यायची. प्रादो सोनेरी नांगराची टोपी घालून बोटीवर चढायचा आणि चिठ्ठी बघून सुकाणूवाल्याला हुकूम सोडायचा. अशी सतरा वर्षं गेली. तिचा नवरा लिनो तापाने गेला, मूलबाळ नव्हतं, आणि होडीचं वल्हं आता तिची नणंद हर्मिनिया मारायची. हर्मिनिया सकाळी बाजारात मासे विकायची आणि तिची जीभ कोयत्यापेक्षा धारदार होती.

"वहिनी, त्या प्रादोला एकदा उलटी चिठ्ठी दे," ती म्हणायची. "बघू टोपी तरंगते का."

"बोटीवर माणसं असतात," रुफिना म्हणायची. विषय तिथेच संपायचा.

त्या काळी ग्वानारा देशाच्या राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत डॉक्टर फेलिसियानो अर्बिना बसला होता. त्याला कुणी निवडून दिलेलं नव्हतं. लोकांनी निवडलेले उरिबारी मास्तर, जे आधी खरोखरच शाळामास्तर होते, त्यांनी केळीच्या कंपनीची पडीक जमीन गावांना वाटायला काढली. महिन्याभरात उत्तरेच्या मोठ्या देशाच्या वकिलातीतून दोन माणसं आली, लष्कराचे तीन जनरल फिरले आणि एका सकाळी मास्तरांना अंगावरच्या कपड्यांनिशी विमानात बसवून देशाबाहेर घालवलं. अर्बिनाला आणून बसवलं. त्याची भाषणं कंपनीच्या बोटीने टाइप होऊन येतात असं गोदीतले हमाल सांगायचे, कारण पाकिटं त्यांनीच उतरवलेली असायची. लोक त्याला डॉक्टर पोपट म्हणत. बाजारात कुणी पोपट विकायला आणला तर शिपाई त्याला पिंजऱ्यासकट पकडून न्यायचे, इतकी ती थट्टा वर पोचली होती.

तीन वर्षं लोकांनी हे सोसलं. मग त्या ऑक्टोबरात अर्बिनाने एक कायदा काढला, की बोका तोर्सिदाचं बंदर, नदीचं मुख आणि दोन्ही काठ नव्याण्णव वर्षांसाठी कंपनीच्या ताब्यात जातील. मुखात मासेमारीला कंपनीचा परवाना लागेल. कचेरीच्या दारावर कागद चिकटवला तेव्हा रुफिना आतून फरशी पुसत होती. बाहेर गर्दी जमली. कुणीतरी मोठ्याने वाचलं. हर्मिनियाने दोनदा वाचायला लावलं.

"म्हणजे माझ्या नवऱ्याचा बाप जिथे जाळं टाकायचा तिथे जाळं टाकायला मी यांना विचारायचं?"

"हो," वाचणारा म्हणाला.

हर्मिनियाने टोपलीतला सगळ्यात मोठा मासा उचलला आणि त्या कागदावर असा आपटला की कागद शेपटीला चिकटून खाली आला. बोका तोर्सिदाचं बंड तिथून सुरू झालं असं आजही गावात सांगतात. खरं म्हणजे गोदीचे हमाल आदल्या दिवशीच थांबायचं ठरवून बसले होते. पण माशाची गोष्ट लोकांना जास्त आवडते.

दुसऱ्या दिवशी गोदी बंद पडली. तिसऱ्या दिवशी रेल्वेवाल्यांनी घाटातले रूळ उखडले. आठवड्याच्या आत राजधानीतल्या गिरण्या, शाळा, बाजार बंद झाले आणि बायका रिकामी पातेली वाजवत राजवाड्यासमोर बसल्या. लष्कराने दोनदा गोळ्या झाडल्या. एकवीस माणसं गेली. त्यांच्या प्रेतांमागून चाळीस हजार चालले, आणि तिसऱ्यांदा हुकूम सुटला तेव्हा शिपायांनी बंदुका उचलायला फार वेळ लावला. अर्बिनाने तार केली. पुढच्या गुरुवारी सकाळी दांड्याच्या पलीकडे, खोल पाण्यात, उत्तरेची राखाडी लढाऊ बोट नांगर टाकून उभी होती. तिच्यावर सहाशे सैनिक होते.

राजधानी नदीतून अकरा मैल आत. रूळ उखडलेले, रस्ता पुराने कापलेला. त्या सहाशे जणांना आत जायला फक्त नदी होती.

गोदी कामगारांचा पुढारी बाल्तासार धावतच रुफिनाच्या झोपडीत आला. तिशीचा, रुंद खांद्यांचा, दोन रात्री न झोपलेला. रुफिना चुलीवर केळी भाजत होती.

"मावशी, बोये सरकव."

"कुठे?"

"दातांवर." मुखाच्या दक्षिणेला पाण्याखाली खडकांची रांग होती, तिला सगळे दात म्हणत. "बोये बघून ती बोट सरळ खडकावर जाईल. आपल्याला बोटही उचलावं लागणार नाही."

रुफिनाने केळं उलटलं. "वर पोरं आहेत. सकाळी बघून आले मी. मिसरूड न फुटलेली, कठड्याला टेकून गाणी म्हणत होती."

"ती पोरं आपल्याला मारायला आलीत."

"त्यांना कुठे आलोय तेही माहीत नसेल." ती त्याच्याकडे वळली. "बाल्तासार, मी बोया टाकते तेव्हा कुणीतरी त्याच्यावर जिवाचा भरवसा ठेवतं. माझ्या बापाने कधी खोटा बोया टाकला नाही, मी टाकणार नाही. तू मला दुसरं काहीतरी सांग."

"दुसरं काय सांगू? ते आत आले तर सगळं संपलं."

रुफिना दारातून मुखाकडे बघत राहिली. केळी करपायला लागली तेव्हा हर्मिनियाने पुढे होऊन ती उतरवली.

"खोटा टाकणार नाही म्हटलं," रुफिना शेवटी म्हणाली. "उचलणार नाही असं कुठे म्हटलं? तुझे हमाल किती आहेत?"

दिवसाढवळ्या, सकाळी दहा वाजता, लढाऊ बोटीवरच्या दुर्बिणींच्या समोर त्यांनी बोये उचलले. सपाट तराफा, त्यावर हाताने फिरवायची चरखी, चरखीवर आठ हमाल, आणि पुढे होडीत उभी राहून हाताने खुणा करणारी रुफिना. बोटीवरच्या लोकांना वाटलं की आपल्यासाठीच वाट नीट करताहेत; एका खलाशाने टोपी हलवली. रुफिनानेही हात हलवला. दुपारपर्यंत नऊच्या नऊ बोये तिवरांच्या झाडीत, चिखलात आडवे पडले होते आणि नदीचं मुख पहिल्या माणसाने पाहिलं असेल तसं कोरं झालं होतं.

प्रादो संध्याकाळी आला, लढाऊ बोटीची मोटरहोडी घेऊनच. बरोबर कंपनीचा दुभाषा आणि चार बंदूकवाले.

"रुफिना, चल. कप्तानाने बोलावलंय."

"मला?"

"मी सांगितलं त्यांना." त्याने नजर खाली घातली. "गोदी बंद पडल्यापासून माझ्याकडे चिठ्ठी नाही ना."

शिडी चढून ती वर गेली. तिने खांद्यावरच्या जुन्या शालीने तोंड पुसलं. कप्तान पिकल्या केसांचा, सभ्य माणूस होता. त्याने तिला खुर्ची दिली. टेबलावर नकाशा होता, सहा वर्षांपूर्वीचा. त्यावरची वाट बघून तिला हसू आलं. तिथे आता कोळ्यांची पोरं चेंडू खेळत.

"वाट कुठून आहे ते दाखवायला सांगा," कप्तान म्हणाला आणि दुभाष्याने सांगितलं.

"मला काय विचारता? मी झाडूवाली."

"रुफिना, थट्टा करू नकोस," प्रादो म्हणाला.

तिने चोळीतून घडी घातलेला पिवळा कागद काढून टेबलावर ठेवला. "वाचा. कचेरीची झाडलोट. खाली सही कुणाची आहे? मुख्य वाटाडे हे उभे आहेत की समोर, टोपी घालून. त्यांना विचारा."

दुभाष्याने कागद वाचला, कप्तानाने प्रादोकडे पाहिलं आणि प्रादोचे कान लाल झाले. कप्तानाला सगळं समजलं असावं. तो पुढे वाकला आणि या वेळी हळू बोलला. वाटाड्या न घेता मी आत शिरलो तर काय होईल, असं विचारत होता.

रुफिनाने थट्टा सोडली.

"त्यांना सांगा, हे मी घाबरवायला म्हणत नाही. पुरानंतर दांडा दोनदा सरकलाय. यांची बोट मध्यावर टेकेल. टेकली की ओहोटी लागेल आणि लाटा तिला आडवी करतील. आडवी झाली की दुपारपर्यंत मोडेल. वर जी पोरं गाणी म्हणतात त्यातली निम्मी किनाऱ्याला लागतील, आणि कशी लागतील ते मी लहानपणी एकदा पाहिलंय. मला पुन्हा बघायचं नाही."

दुभाष्याने सगळं सांगितलं की नाही कोण जाणे. पण कप्तान उठला, त्याने तो पिवळा कागद पुन्हा नीट घडी घालून तिला दिला आणि तिला किनाऱ्यावर पोचवायला सांगितलं. आत जायचा विचार मात्र त्याने सोडला नव्हता. वाट कुणी दाखवत नसेल तर आपण शोधू, असा त्याचा हिशोब होता.

शुक्रवारी उजाडताच त्याच्या दोन मोटरहोड्या पाणी मोजायला मुखात शिरल्या. बाल्तासारला वाटलं, आता हातघाईवर यावं लागणार. पण गावाने त्याला विचारलंच नाही. हर्मिनिया बाजारातून ओरडत गेली की आज मासे मुखातच मिळणार, सगळ्यांनी जाळी घेऊन चला. आठ वाजेपर्यंत शंभर होड्या होत्या, दुपारी चारशे. वरच्या गावांतून लोक केळीच्या खांबांचे तराफे करून आले. म्हाताऱ्या छत्र्या उघडून होडीत बसल्या. आणि दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जिथे म्हणून पाणी होतं तिथे, जाळी पसरली.

मोटरहोड्यांच्या पंख्यांत जाळी गुंतली. खलाशी पाण्यात उतरून सुरीने कापत, दहा हात पुढे जात, पुन्हा गुंतत. हर्मिनियाची होडी त्यांच्या शेजारीच असायची.

"अरे बाळा, उलटं कापतोयस," ती सांगायची. त्यांना भाषा कळत नव्हती, पण ती हाताने दाखवायची. मग भाजलेला मासा केळीच्या पानावर पुढे करायची. पहिल्या दिवशी त्यांनी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी भूक लागल्यावर घेतला. एका अधिकाऱ्याने आभाळात गोळी झाडली तेव्हा चारशे होड्यांवर शांतता पसरली. कुणी हललं नाही. एका म्हातारीने छत्री मिटून वर पाहिलं, पाऊस नाही अशी खात्री केली आणि परत उघडली. खलाशी पोरांना हसू आवरेना, आणि अधिकाऱ्याने पिस्तूल ठेवून दिलं.

रुफिना या सगळ्यात फिरत राहिली, कारण होड्यांचं भान ठेवायला कुणीतरी हवं होतं. ओहोटीत कोण कुठे ओढलं जाईल, भरतीची पहिली लाट कुठे फुटेल, हे तिलाच माहीत. ती सांगायची आणि चारशे होड्या सरकायच्या. आयुष्यभर तिने एका माणसाला चिठ्ठी दिली होती. आता तिने हात वर केला की अख्खं मुख हलत होतं. तिला त्याची जरा लाजच वाटली, आणि बरंही वाटलं.

शनिवारी दुपारी स्टेशनावरचा तारबाबू सायकल टाकून धक्क्यावर धावत आला. राजवाड्यावरचा पहारा उठला होता. शिपायांनी फाटक उघडून बंदुका पायऱ्यांवर रचल्या होत्या आणि आपल्याच आयांबरोबर पातेली वाजवत रस्त्यावर उतरले होते. अर्बिना मात्र मागच्या दाराने निघाला होता. सरकारी वाफेची होडी घेऊन तो नदीतून खाली येत होता. लढाऊ बोटीवर पोचायचं, तिथून आपणच सरकार आहोत म्हणून सांगायचं आणि सैनिकांसह परत यायचं, असा बेत होता. त्याला वाट दाखवायला प्रादो गेला होता.

होडी तीन वाजता वळणावर दिसली. पांढरीशुभ्र, पितळी कठड्याची. गावकऱ्यांनी तिला अडवलं नाही. अडवायची गरज पडली नाही. प्रादोने आठवणीतल्या वाटेने सुकाणू धरलं, आणि ती वाट तीन आठवड्यांपूर्वीची होती. ओहोटी लागलेलीच होती. एक लांब खर्रकन आवाज झाला आणि सरकारी होडी दांड्याच्या पाठीवर चढून तिथेच बसली, जराशी कलून, अख्ख्या गावाच्या आणि लढाऊ बोटीच्या डोळ्यांसमोर. समुद्राकडून कुणी मदतीला येऊ शकत नव्हतं. मध्ये फुटणाऱ्या लाटा होत्या आणि मोटरहोड्यांच्या पंख्यांत जाळी.

धक्क्यावर आणि होड्यांवर जो हशा उठला तो राजधानीपर्यंत ऐकू गेला असं म्हणतात.

रुफिना हसली नाही. ती आभाळाकडे आणि मग लाटांकडे बघत होती.

"हर्मिनिया, वल्हं घे."

"कशाला?" बाल्तासार मध्ये आला. "राहू दे त्याला तिथेच, मावशी. भरती येईल तेव्हा बघू."

"भरती येईल तेव्हा बघायला काही उरायचं नाही. पाच माणसं आहेत त्या होडीत."

"एकवीस माणसं मेली आमची."

"म्हणून तर त्याला जिवंत आणते. त्यांच्या घरच्यांसमोर उभा राहू दे. बुडाला तर बिचारा म्हणून वर्षश्राद्ध करतील त्याचं."

बाल्तासार बाजूला झाला.

दोन बायकांनी ती होडी लाटांच्या मधून कशी नेली ते बघायला लोक हसायचे थांबले. रुफिना पुढे उभी, तीन लाटा जाऊ द्यायच्या, चौथीच्या पाठीवर पुढे जायचं. डॉक्टर अर्बिना गुडघाभर पाण्यात बूट भिजवत उभा होता. बारीक चणीचा, चष्मा घातलेला, छातीशी चामड्याची बॅग. छापील फोटोत तो इतका लहान दिसत नसे. आधी खलाशांना घेतलं, मग त्याला आणि प्रादोला. पाणी होडीच्या काठापर्यंत आलं.

"बाई," अर्बिना म्हणाला, "मला त्या बोटीवर सोडा. काय हवं ते मागा."

रुफिना लाटा बघत होती.

"तिकडे वाट नाही का?" अर्बिनाने विचारलं.

"आहे की वाट. फेसाच्या डाव्या अंगाने, तीन वाव पाणी. पण होडी माझी आहे."

"मी या देशाचा राष्ट्राध्यक्ष आहे."

"डॉक्टरसाहेब," मागून हर्मिनिया म्हणाली, "ते भाषण राहू द्या आता. कागद भिजलाय. आणि बसा खाली, नाहीतर आम्हालाही बुडवाल."

तो बसला. प्रादोने न सांगता दुसरं वल्हं उचललं आणि मारायला लागला.

धक्क्यावर गर्दी दुभंगली आणि मधून वाट झाली. कुणी थुंकलं, कुणी एक मेलेल्याचं नाव मोठ्याने घेतलं, मग दुसऱ्याने दुसरं, आणि अर्बिनाला कचेरीच्या दारापर्यंत ती नावं ऐकत चालावं लागलं. कुणी त्याला हात लावला नाही. आत बंदराच्या टेबलावर कोरा कागद ठेवला. तो पेन हातात धरून थांबला.

"मजकूर कोण देणार?" त्याने सवयीने विचारलं.

 खोलीभर जे हसू पसरलं त्यात कडवटपणा फारसा नव्हता. तीन वर्षं ज्याची भीती बाळगली तो हा, असं लोकांना आत कुठेतरी उमजलं होतं.

"जे आहे ते लिहा," रुफिना म्हणाली. "मला कुणी निवडलं नव्हतं, मी खुर्ची सोडतो, मी परदेशी सैन्य बोलावलं ती विनंती मागे घेतो. एवढंच. अक्षर नीट काढा, बाहेरच्यांना वाचता आलं पाहिजे."

त्याने लिहिलं. पहिली सही वाचता येईना म्हणून दुसरी केली.

तो कागद रुफिनानेच लढाऊ बोटीवर पोचवला. कप्तानाने तो वाचला, आपल्या वरिष्ठांना बिनतारी संदेश पाठवला आणि रविवारी दुपारी परत फिरायचं उत्तर आलं. ज्याने बोलावलं तोच नाही म्हणाल्यावर आणि आत जायला वाट नसल्यावर सहाशे सैनिकांनी तिथे उभं राहून करायचं काय? नांगर उचलण्याआधी त्या बोटीवरून एक छोटी होडी किनाऱ्याला आली. तिच्यात खलाशांनी कापलेली जाळी होती. पोरांनी जमतील तशा गाठी मारून ती जोडली होती. गाठी अगदी वाईट होत्या. हर्मिनियाने त्या बघून नाक मुरडलं आणि ती जाळी शेवटपर्यंत वापरली.

राखाडी बोट क्षितिजाकडे वळली तेव्हा धक्क्यावर कुणी ओरडलं नाही. लोक नुसते उभे होते, ती ठिपका होऊन दिसेनाशी होईपर्यंत. मग चर्चच्या घंटा सुरू झाल्या, आणि मग जे सुरू झालं ते तीन दिवस थांबलं नाही. बाल्तासार नाचता नाचता धक्क्यावरून पाण्यात पडला. रस्त्यावर भाताची आणि घेवड्याची पातेल्यांवर पातेली शिजली. पोपट विकणाऱ्याने पिंजरे उघडून दिले.

रुफिना त्या तीन दिवसांत पहिल्यांदा झोपली. चौथ्या दिवशी सकाळी उठून तिने दोरी तपासली. होडीजवळ प्रादो उभा होता, टोपीशिवाय.

"मला मोजायला शिकवशील?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "पहिला महिना नुसती चरबी भरायची."

"भरतो."

"चढा मग."

बोये परत टाकायला पाच दिवस लागले, कारण सगळ्या गावाला त्यात हात लावायचा होता. नवव्या बोयाची साखळी तळाला बसली त्याच दिवशी तार आली की उरिबारी मास्तर परत येताहेत. विमानाने जायला लावलं होतं, ते मिठाच्या बोटीने परतत होते, कारण त्या दिवसांत इकडे येणारी तेवढीच बोट होती.

रुफिना स्वतः शिडीवरून त्या बोटीवर चढली.  मास्तर वाळले होते, केस पांढरे झालेले, आणि समुद्र लागल्याने कठड्याला धरून उभे होते. लोकांसमोर उभं राहायच्या आधी ओकारी येऊ नये एवढीच त्यांची काळजी दिसत होती. पुढे हर्मिनियाच्या होडीत प्रादो दोरी टाकत होता, पट्टी मोजत होता आणि खोली ओरडून सांगत होता.

"तीन वाव."

वाटेच्या दोन्ही बाजूंना बोयापासून बोयापर्यंत होड्या लागल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण पहिल्या होडीतून कुणीतरी ते ओरडून पुढे दिलं, मग दुसऱ्या होडीने, आणि तीन वाव, तीन वाव असं म्हणत आवाज मुखातून आत, धक्क्यापर्यंत गेला.

"साडेतीन."

साडेतीन, साडेतीन. म्हाताऱ्या म्हणत होत्या, हमाल म्हणत होते, परवा बंदूक टाकून आलेले शिपाई म्हणत होते.  रुफिनाचे जे आकडे आजवर एका चिठ्ठीपुरते होते ते सगळ्या नदीच्या तोंडात होते.

बोट डोलली. मास्तरांनी डोळे मिटले.

"अजून किती आहे, बाई?"

"आणखी दोन लाटा, मास्तर," रुफिना म्हणाली. "मग सगळी नदीच आहे."